समुद्रातल्या मत्स्यपालनाने पाणी बिघडतं का? बाटलीतला नमुना अर्धंच सांगतो

प्रश्न थोडक्यात असा: एका आखातात पिंजऱ्यांत मासे पाळायचा प्रकल्प येऊ घातला आहे. कंपनीने आधीच्या प्रकल्पाभोवतीच्या पाण्याचे अहवाल दाखवले, सगळे आकडे ‘सामान्य’. विरोधक म्हणतात, समुद्राची गटारगंगा होणार. यात खरं कोण? समुद्री शैवाल आणि शिंपले सोबत लावले की घाण शोषली जाते, हे कितपत खरं? आणि पुढे प्रकल्प बंद केला, तर समुद्र पूर्ववत होतो का?

मी पिंजऱ्यांभोवतीच्या पाण्याचे आणि तळाच्या गाळाचे नमुने घेऊन त्यांचा अर्थ लावण्याचं काम करतो. माझा अनुभव असा की दोन्ही बाजू खोटं बोलत नसतात, पण दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवतात. कंपनीचे आकडे बहुधा खरेच असतात. ते सामान्य का येतात हे कळलं, की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून आधी थोडा हिशेब मांडतो.

वर्षाला १,००० टन सामन माशांचं उत्पादन धरा. चांगल्या व्यवस्थापनात एक किलो मासा वाढवायला साधारण १.२ किलो कोरडं खाद्य लागतं, म्हणजे वर्षाला १,२०० टन. त्यात ४० टक्के प्रथिनं असतील, तर त्या प्रथिनांतला नायट्रोजन झाला जवळपास ७७ टन. माशाच्या अंगात नायट्रोजन असतो सुमारे ३ टक्के, म्हणजे कापणीबरोबर ३० टन बाहेर निघतो. उरलेले ४७ टन समुद्रातच राहतात. यातला मोठा वाटा, सुमारे ३५ टन, विरघळलेल्या रूपात असतो आणि मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया म्हणून बाहेर पडतो. बाकीचे १२ टन विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य म्हणून खाली जातात. फॉस्फरसचं उलटं आहे. त्यातला मोठा भाग घन रूपात तळाकडे जातो.

३५ टन हा आकडा ऐकून माणूस दचकतो. आता तो पाण्यात मिसळून पाहा. रोजचे झाले ९६ किलो, म्हणजे सेकंदाला १.१ ग्रॅम. पिंजऱ्यांची रांग २०० मीटर रुंद, जाळी १५ मीटर खोल आणि प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर असेल, तर त्या चौकटीतून दर सेकंदाला ३०० घनमीटर पाणी जातं. भागाकार केला की नायट्रोजनमध्ये वाढ येते लिटरमागे ३.७ मायक्रोग्रॅम. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच पाण्यांत नायट्रोजनची पातळी एरवीसुद्धा, पाऊस, नदी, वारा, भरती यांमुळे, याच्या कित्येक पट वर-खाली होत असते. मग प्रयोगशाळेला त्यात काही वेगळं दिसावं कसं? नमुना ‘सामान्य’ येतो तो असा. त्यात लबाडी असतेच असं नाही. त्या बाटलीत जे शोधायला गेलो, ते तोवर पुढे वाहून गेलेलं असतं.

आता हाच हिशेब प्रवाह १० ऐवजी १ सेंटिमीटर धरून करा. वाढ थेट ३७ मायक्रोग्रॅमवर जाते. भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमजोर, भरतीत, पाणी फिरण्याच्या वेळी, बंदिस्त आखातात एक सेंटिमीटरचा प्रवाह मुळीच दुर्मीळ नाही. अहवालात प्रवाहाचा आकडा नसेल, किंवा फक्त सरासरी दिली असेल, तर बाकीचे आकडे वाचायची मी घाई करत नाही.

पण नायट्रोजनच्या आधी खरी ओढाताण होते ती ऑक्सिजनची. पिंजऱ्यात एका वेळी ८०० टन मासे असतील आणि उबदार पाण्यात किलोमागे तासाला २५० मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरत असतील, तर तासाला २०० किलो ऑक्सिजन लागला. मघाच्याच चौकटीतून १० सेंटिमीटरच्या प्रवाहात गेलेल्या पाण्यातून लिटरमागे जेमतेम ०.२ मिलिग्रॅम कमी होतो. १ सेंटिमीटरच्या प्रवाहात १.९ मिलिग्रॅम. शिवाय उबदार पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्राचं पाणी १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम धरून ठेवतं, तर ३० अंशाला जेमतेम ६.२. त्यातून १.९ वजा गेले की उरले ४.३, आणि ही झाली सरासरी. खाद्य दिल्यानंतर माशांची गरज वाढते. जाळीवर शेवाळ आणि शिंपले चढले की आत येणारं पाणी अडतं. मधल्या पिंजऱ्यांना कडेच्या पिंजऱ्यांचं उष्टं पाणी मिळतं. रात्री प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, तेही ऑक्सिजन देण्याऐवजी घेऊ लागतं, म्हणून सर्वांत वाईट आकडा पहाटे असतो. नमुने मात्र घेतले जातात सकाळी अकराला, उन्हात, पृष्ठभागावरून. होडी काढायची, चहा घ्यायचा, मग निघायचं, असा तो क्रम असतो. यात कोणाचा कट नसतो, पण आकडा सुंदर येतो.

‘आमचे मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी उत्तम आहे’ हा युक्तिवाद तुमच्याही कानावर आलाच असेल. अर्धा खरा आहे. पाणी बिघडलं तर पहिला फटका पाळणाऱ्यालाच बसतो, त्यामुळे चांगला पाळणारा ऑक्सिजनवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. पण मासे राहतात वरच्या दहा-पंधरा मीटरांत. खाली तीस मीटरवर काय चाललंय, हे त्यांना ठाऊक नसतं.

तिथेच आता जाऊ, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तळाशी आहे.

विष्ठा पाण्यात सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर वेगाने खाली जाते असं धरा. खोली ३० मीटर असेल तर तळ गाठायला १,००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटं लागतात. प्रवाह १० सेंटिमीटर असेल तर तेवढ्या वेळात ती १०० मीटर लांब जाऊन पडते. खाद्याची गोळी जड, सेकंदाला १० सेंटिमीटरने उतरणारी, ती ३० मीटरवरच पडते. म्हणून न खाल्लेलं खाद्य पिंजऱ्याच्या पायाशी साचतं आणि विष्ठा जरा विस्तीर्ण पसरते. प्रवाह मंद असेल तर दोन्ही एकाच जागी. पाण्यात पातळ होऊन दिसेनासं होतं, तसं इथे होत नाही. इथे महिनोन्‌महिने थर चढतो.

तळाला थोडंसं अन्न मिळालं तर ते वाईट नसतंच. किडे, शिंपले, खेकडे वाढतात, जीवसृष्टी कधीकधी समृद्धही होते. एका मर्यादेपुढे मात्र गाळातले जिवाणू वरून येणारा ऑक्सिजन संपवून टाकतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम. ऑक्सिजन संपला की जिवाणू सल्फेटवर काम सुरू करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्यांचा वास येणारा, विषारी. गाळ काळा पडतो. विविध प्राणी जाऊन ‘कॅपिटेला’ जातीचे बारीक लाल किडे हजारोंनी उरतात, आणि परिस्थिती आणखी घसरली की तळावर ‘बेगिआटोआ’ जिवाणूंची पांढरी चादर पसरते. पाणबुड्याच्या कॅमेऱ्यात ती चादर दिसली की रसायनशास्त्राचा अहवाल येईपर्यंत थांबायची गरज उरत नाही.

तुम्ही विचाराल, प्रश्न पाण्याच्या गुणवत्तेचा आहे, मग गाळाचं पुराण कशाला? कारण तळ नंतर परत पाण्याशी व्यवहार करतो. निरोगी गाळात अमोनियाचं नायट्रेट होतं आणि नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. समुद्राची ही स्वतःची साफसफाई. पण तिच्या पहिल्या पायरीला ऑक्सिजन लागतो. तो संपला की साखळी तुटते आणि अमोनिया जसाच्या तसा वरच्या पाण्यात परततो. लोहाला बांधलेला फॉस्फेटही सुटतो. म्हणजे भार वाढत असतानाच तो पचवण्याची ताकद घटते. एका टप्प्यापर्यंत आखात सगळं गुपचूप सहन करतं आणि मग काही आठवड्यांत चित्र पालटतं, ते यामुळे.

याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅक्वारी हार्बरचं. नकाशावर पाहिलं तर जागा प्रचंड, शेकडो चौरस किलोमीटर. कोणालाही वाटावं, इथे काय फरक पडणार! पण समुद्राकडचं तोंड अरुंद आणि उथळ. वर नदीचं तपकिरी गोडं पाणी, खाली जड खारं पाणी, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला नाखूश. खालच्या थराला नवा ऑक्सिजन क्वचितच मिळतो. २०१२ नंतर तिथे सामनपालन वाढवण्यात आलं. पुढच्या काही वर्षांत तळालगतचा ऑक्सिजन कोसळला, पांढऱ्या चादरी दिसल्या, तळाची जीवसृष्टी ओसरली. नियामकांना माशांच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा २०१६ मधल्या २१,५०० टनांवरून २०१८ पर्यंत ९,५०० टनांवर आणावी लागली. जगात जवळजवळ इथेच उरलेल्या मॉजियन स्केट या माशाचा प्रश्न त्यातूनच पुढे पेटला. जागेचं क्षेत्रफळ पाहून परवाना देऊ नये, पाणी किती दिवसांत बदलतं ते पाहावं, हे तिथे फार महागात शिकावं लागलं.

पाणी बदलण्याच्या या मुदतीवर एक हिशेब अजून करतो, कारण शेवाळाचा बहर, म्हणजे पाणी हिरवं-तांबडं होणं, त्यावरच ठरतं. १० चौरस किलोमीटरचं, सरासरी १० मीटर खोल आखात घ्या. त्यातलं पाणी दोन दिवसांत बदलत असेल, तर आपल्या १,००० टनांच्या प्रकल्पाने विरघळलेला नायट्रोजन लिटरमागे जेमतेम २ मायक्रोग्रॅमने वाढेल. वीस दिवस लागत असतील तर १९. एवढ्यानेही फार काही होत नाही. पण तसेच दहा प्रकल्प त्याच आखातात आले, तर १९०, आणि तेवढ्या नायट्रोजनवर प्लवकांचा सणसणीत बहर उभा राहू शकतो. प्लवकांना दुप्पट व्हायला एक-दोन दिवस पुरतात. पाणी त्याहून लवकर निघून गेलं तर ते वाढण्याआधीच बाहेर पडतात, रेंगाळलं तर आतच फोफावतात. म्हणूनच प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्र अहवाल निर्दोष असूनही आखात बिघडू शकतं. दहा परवाने देताना दहा वेगळे अहवाल वाचले जातात आणि बेरीज कोणीच करत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

फिलिपिन्समधल्या बोलिनाओला नेमकं हेच झालं. दुधमासा, म्हणजे मिल्कफिश, पाळणारे पिंजरे आणि कुंपणं मिळून ५४४ ची मर्यादा ठरली होती, प्रत्यक्षात संख्या त्याच्या दुपटीहून पुढे गेली. २००२ च्या सुरुवातीला ‘प्रोरोसेंट्रम’ नावाच्या प्लवकाचा बहर आला, ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला आणि मासे ढिगांनी मेले. मर्यादा नव्हती म्हणून हे घडलं नाही. ती कागदावर होती.

खाद्य कोणतं, हा प्रश्न मी लगेच विचारेन. वरचे सगळे आकडे कोरड्या गोळी-खाद्याचे आहेत. जिथे ताजी फुटकळ मासळी चिरून घालतात, तिथे एक किलो मासा वाढवायला पाच ते दहा किलो मासळी लागते. सात किलो धरली तरी टनामागे पाण्यात राहणारा नायट्रोजन ४७ किलोऐवजी दीडशेच्या पुढे जातो. तिप्पट घाण, तेवढ्याच माशांसाठी. गोळी-खाद्य महाग पडतं म्हणून छोटे पाळणारे मासळीकडे वळतात, त्यांना दोष देणं सोपं आहे. पण कोणत्याही परवान्यात बदलण्यासारखी पहिली गोष्ट हीच, आणि कॅमेरा लावून मासे खायचे थांबले की खाद्य थांबवणं ही दुसरी.

औषधांबद्दल लोक सर्वांत आधी विचारतात, मी त्यावर थोडक्यात आटोपतो, कारण ते जागेनुसार फार बदलतं. नॉर्वेत १९८७ च्या सुमारास वर्षाला ५० टनांच्या आसपास प्रतिजैविकं वापरली जात. लसी आल्यावर तो वापर कोसळला आणि उत्पादन कित्येक पट वाढूनही अलीकडे वर्षाला एक टनाहून कमी आहे. चिलीत तो अजूनही शेकडो टनांत मोजला जातो. समुद्री उवांवरची, म्हणजे माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या परजीवींवरची, औषधं कवचधारी प्राण्यांवर, म्हणजे कोळंबी-खेकड्यांवर, नको तो परिणाम करतात, आणि त्यातलं एमामेक्टिन गाळात बराच काळ टिकतं. जाळ्यांना शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या लेपातलं तांबं आणि खाद्यातलं जस्तही तळाशीच जमतं. पुन्हा तळ.

एक गंमत सांगतो. अशा अहवालांत ‘कोलिफॉर्म जिवाणू’ आणि ‘बीओडी’ (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) हे दोन रकाने हटकून असतात. मलनिस्सारणाच्या तपासणीचा नमुना-फॉर्म तसाच उचललेला असतो. कोलिफॉर्मपैकी ई. कोलाय हा जिवाणू उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांतून येतो, माशांच्या नाही. तो सापडला तर पिंजऱ्यांकडे बघण्याआधी जवळच्या वस्तीचं सांडपाणी कुठे सोडलं जातं ते शोधा. पुष्कळ आखातांत मत्स्यपालनाच्या नावावर खपवलेली घाण नदीतून, शेतातून आणि गटारातून आलेली असते. याच्या उलटही होतं, म्हणून प्रकल्पाआधीची किमान वर्षभराची, सगळ्या ऋतूंची मोजणी हवीच. ती नसेल तर पुढे कोण खरं, हे ठरवायला काही उरत नाही.

मग मागायचं काय? ऑक्सिजन नोंदवणारं यंत्र पिंजऱ्यात आणि तळापासून एक मीटर वर, सलग, दर दहा मिनिटांनी. प्रवाहाची नोंद किमान एका पूर्ण उधाण-भांग चक्राची, तीही पाण्यात तीन वेगवेगळ्या खोलींवर. गाळाचे नमुने पिंजऱ्याच्या कडेला, मुख्य प्रवाहाच्या दिशेने थोड्या-थोड्या अंतरावर, आणि तेवढ्याच खोलीच्या, तशाच गाळाच्या पण एखादा किलोमीटर दूरच्या जागी तुलनेसाठी. ते घ्यायचे ते पिंजऱ्यात मासे सर्वाधिक असताना. कापणीनंतर दोन महिन्यांनी घेतलेले गाळाचे नमुने मी बाजूला ठेवतो. गाळात सल्फाइड, रेडॉक्स (गाळात ऑक्सिजन उरला आहे का, याचा अंदाज देणारं माप) आणि किड्यांच्या जाती मोजायच्या. नॉर्वेने तळाच्या तपासणीचं स्वतंत्र मानकच केलं आहे, आणि जितकी अवस्था वाईट तितकी तपासणी वारंवार, हा त्यातला नियम मला सर्वांत शहाणा वाटतो.

शैवाल आणि शिंपल्यांचा विचार मला आवडतो, पण त्याची जाहिरात त्याच्या कुवतीहून मोठी झाली आहे. ओल्या शैवालात नायट्रोजन असतो वजनाच्या साधारण ०.३ टक्के. आपले ३५ टन परत काढायचे तर ११,००० टनांहून जास्त शैवाल वाढवून, कापून, किनाऱ्यावर आणावं लागेल. १,००० टन माशांसाठी! शिवाय सगळा नायट्रोजन काही शैवालाच्या दोऱ्यांपर्यंत थांबून राहत नाही. शिंपले पाण्यातले बारीक कण गाळतात हे खरं, पण विष्ठेचा जड भाग त्यांच्या हाती लागण्याआधीच खाली जातो, आणि त्यांची स्वतःची विष्ठाही तळावरच पडते. चीनच्या सांगगो उपसागरात शैवाल आणि शिंपल्यांची लागवड मैलोन्‌मैल आहे. तिथे ती मुख्य पीक आहे, माशांची भरपाई नव्हे. सोबत लावायला माझी हरकत नाही, दुसरं उत्पन्न मिळतं. परवान्यात मात्र ‘शैवाल लावणार, म्हणून मासे दुप्पट’ असं वाक्य दिसलं तर त्यावर लाल रेघ मारा.

राहिला शेवटचा प्रश्न, बंद केल्यावर काय होतं. पाणी स्वतः दिवसांत किंवा आठवड्यांत सुधारतं. गाळाला वेळ लागतो, तो किती हे प्रवाहावर आणि आधी किती साचलं त्यावर. वाहत्या जागी काही महिने, साचलेल्या जागी पाच-सात वर्षंसुद्धा. नॉर्वेत प्रत्येक पिकानंतर किमान दोन महिने जागा रिकामी ठेवावी लागते. उथळ, मंद जागेला ती विश्रांती पुरत नाही. तळावर समुद्री गवताची कुरणं असतील तर माझं उत्तर आणखी कडक होतं. भूमध्य समुद्रातलं पॉसिडोनिया गवत अतिशय सावकाश वाढतं आणि पिंजऱ्यांपासून त्याला किमान ४०० मीटर दूर ठेवावं अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. स्पेनच्या मेनोर्का बेटावरच्या फोर्नेल्सच्या आखातातला मत्स्यप्रकल्प १९९१ मध्ये बंद झाला. पाणी निवळलं, तरी गवत पुढची काही वर्षं मरतच राहिलं, कारण गाळातला साठा तसाच होता. तेव्हा तुमच्या आखाताच्या तळावर गवत आहे का, हे अर्ज मंजूर होण्याआधी एकदा कॅमेरा खाली सोडून बघून घ्या. असेल, तर जागा बदलायला सांगा. पिंजरे हलवता येतात.